मिनीफोर्ज: कारखान्यातल्या पायथनसाठी बरा पर्याय

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कारखान्यांत मशीनचा डेटा पाहणारी टीम चार-पाच जणांचीच असते, म्हणून ॲनाकोंडा (पायथन आणि त्याच्या पॅकेजेसचा तयार संच) 'फुकट' समजून टाकलं जातं. त्यातलं पॅकेजेस बसवणारं कॉन्डा हे साधन बीएसडी या मोकळ्या परवान्याचं, त्याबद्दल वाद नाही. पैशांचा प्रश्न येतो तो 'डिफॉल्ट्स' चॅनलचा, म्हणजे ॲनाकोंडा कंपनीच्या पॅकेज साठ्याचा. 2020 मध्ये त्याच्या अटी बदलल्या. 200 किंवा जास्त माणसांच्या कंपनीला व्यावसायिक वापरासाठी परवाना विकत घ्यावा लागतो, आणि मोजायची ती अख्खी कंपनी, नुसते पायथनवाले नव्हेत. ॲनाकोंडाची छोटी आवृत्ती मिनीकोंडाही मूळ सेटिंगमध्ये त्याच चॅनलवरून पॅकेजेस ओढतं.

मिनीफोर्ज हा कॉन्डाचाच दुसरा इन्स्टॉलर, तो लोकांनी मिळून चालवलेल्या मोफत 'कॉन्डा-फोर्ज' चॅनलवर चालतो, पॅकेजेस भरपूर, आकारही आटोपशीर. पण नुसतं बदलून भागत नाही. होम फोल्डरमधली कॉन्डाच्या सेटिंगची जुनी फाइल (कॉन्डाआरसी) तशीच राहते आणि 'डिफॉल्ट्स' गुपचूप परत येतं. त्या फाइलमधली 'डिफॉल्ट्स'ची ओळ काढा, एन्व्हायर्नमेंट (एका कामासाठीचा पॅकेजेसचा वेगळा संच) फाइलच्या चॅनल यादीत 'नोडिफॉल्ट्स' लिहा, आणि एन्व्हायर्नमेंट नव्यानं बांधा. जुन्यावरच डागडुजी केली की दोन चॅनलच्या लायब्रऱ्यांची सरमिसळ होते. मग 'कॉन्डा लिस्ट'मध्ये चॅनलचा पत्ता दाखवायचा पर्याय लावून एकेक ओळ तपासा.

एक उणीव: चॅनल मोकळं म्हणजे पॅकेज मोकळं असं नाही. व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या एफएफएमपेगच्या तिथे जीपीएल (कडक अटींचा परवाना) आणि एलजीपीएल (त्याहून सैल) अशा दोन्ही बिल्ड, म्हणजे तयार आवृत्त्या, मिळतात. ग्राहकाला सॉफ्टवेअर बांधून देणार असाल तर बिल्डचं नाव वाचूनच घ्या, मिनीफोर्ज आपणहून बजावत नाही.