हार्टमेट 3 : घरी 13 महिने सांभाळल्यावर

आमच्या ह्यांचं नाव पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव-वाटप केंद्राच्या, हृदय बदलायच्या यादीत होतं, पण हृदय मिळेपर्यंत ते तग धरतील असं कुणालाच वाटत नव्हतं. संडासापर्यंत जाताना दोनदा टेकायचे. म्हणून हार्टमेट 3 हा हृदयाला मदत करणारा पंप छातीत बसवला. खर्च कोटीच्या घरात गेला, गावाकडची जमीन विकली. तीन महिन्यांनी हे सारसबागेला दोन फेऱ्या मारत होते. पंपाला पाचपैकी पाच.

हे अख्खं कृत्रिम हृदय नव्हे. आपलं हृदय जागेवरच राहतं, डाव्या कप्प्यातलं रक्त पंप महाधमनीत ढकलतो. आतलं चक्र चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरतं, कशाला घासत नाही, त्यामुळे पंपात गुठळी होण्याचं प्रमाण जुन्या पंपांपेक्षा खूपच कमी. नाडी मात्र बहुधा हाताला लागत नाही. जवळच्या दवाखान्यात आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथली माणसं घाबरतात.

खरी कसोटी पंपाला वीज पुरवणाऱ्या, पोटातून बाहेर येणाऱ्या वायरीची. ड्रेसिंग करताना मी पंखा बंद करायची, तोंडाला मास्क, हातात निर्जंतुक मोजे. मे महिन्यात घामाने चिकटपट्टी सुटायची. एकदा वायर दाराच्या कडीत अडकली, हिसका बसला, चौथ्या दिवशी त्या जागी लाली आणि पू. नऊ दिवस दवाखान्यात काढले. तेव्हापासून घरातल्या सगळ्या कड्यांना मी कापड गुंडाळलं.

बॅटऱ्या दोन, प्रत्येकी अर्धा किलो. भरलेली जोडी 17 तासांपर्यंत पुरते. बदलताना एकावेळी एकच काढायची. रात्री हे पंप भिंतीच्या प्लगला जोडून झोपायचे. जुलैत एकदा पहाटे तीनला लाईट गेली आणि अलार्म कोकलायला लागला. कंट्रोलरमध्ये, म्हणजे पंप चालवणाऱ्या बाहेरच्या डबीत, पंधरा मिनिटांच्या विजेची सोय असते हे ठाऊक होतं, तरी बॅटरी जोडताना माझे हात थरथरत होते. भरलेली जोडी उशाशीच ठेवा, कपाटात नको.

पथ्य फार जाचक नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी असते, तिच्यावर पालेभाज्यांचा परिणाम होतो; मेथी-पालक बंद नाही, पण आज गड्डीभर आणि उद्या काहीच नाही, असं चालत नाही. पोहणं अजिबात नाही.

घरात शिकून घेणारं एक माणूस चोवीस तास हवंच. मी नोकरीवर बिनपगारी रजा टाकली. यंत्राच्या किमतीइतकाच हाही हिशोब आधी मांडा. डॉक्टर विचारतील तेव्हा "बघू, करू काहीतरी" म्हणू नका.

आजारपणाने ह्यांचे खांदे इतके उतरले होते की बॅटऱ्यांचे पट्टे ठरत नसत. आमच्या शिंप्याने मांजरपाटाची बंडी शिवली, दोन्ही बगलेखाली खोल खिसे, वायरीसाठी आतून काज. ती घालून हे भाचीच्या लग्नात पंगतीला बसले. आता नवं हृदय आहे, बंड्या धुऊन ठेवल्यात. कुणाला लागत असतील तर खाली लिहा, मापासकट पाठवते.