कॅम्पसमध्ये, कॅम्पसला लागून की जरा लांब? शहरी विद्यापीठात राहण्याची जागा ठरवताना

मोठ्या शहरातल्या विद्यापीठात प्रवेश पक्का झाला की पुढचा प्रश्न राहायचं कुठे हा. पर्याय बहुधा तीनच असतात: कॅम्पसमधलं हॉस्टेल, भिंतीपलीकडची विद्यार्थ्यांची भाड्याची वस्ती, नाहीतर बस-ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटांवरचा कुटुंबवाल्यांचा भाग. मग जो तो एकच विचारतो, ‘तो एरिया सेफ आहे ना?’ याचं धड उत्तर कोणी देऊ शकत नाही. एकाच एरियातल्या दोन गल्ल्या दुपारी सारख्या वाटतात आणि रात्री अकराला एकीत वर्दळ असते, दुसरीत शुकशुकाट. त्यापेक्षा मी रोज कितीला परतणार, शेवटचं अंतर कुठून चालणार आणि त्या वाटेवर लक्ष कोणाचं, हे विचारलं तर काहीतरी हाती लागतं.

हॉस्टेलची बाजू उघड आहे. चालणं कमी, गेटवर माणूस, काही झालं तर हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर शंभर जण. पण ही सुरक्षा दारावर अवलंबून असते, आणि दार विद्यार्थ्यांच्या हातात असतं. 1986 मध्ये अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा तिच्या हॉस्टेलच्या खोलीत खून झाला. खुनी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि आपोआप बंद होणारी दारं कोणीतरी अडकवून उघडी ठेवली होती म्हणून तो आत शिरू शकला. मित्र येणार आहे, खाली कोण जाणार, म्हणून दारात खोका अडकवण्याची सवय आजही प्रत्येक हॉस्टेलात सापडते. हॉस्टेल बघताना कॅमेरे मोजू नका. दहा मिनिटं मुख्य दाराशी उभं राहा आणि किती जण दुसऱ्याच्या मागोमाग कार्ड न लावता आत जातात ते बघा.

त्या खुनानंतर 1990 मध्ये आलेल्या कायद्यामुळे अमेरिकेतल्या बहुतेक सर्व विद्यापीठांना दरवर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात. ते जरूर वाचा, पण त्यांची हद्द ओळखून. कॅम्पसला चिकटलेला सार्वजनिक रस्ता आणि फुटपाथ त्यात धरतात. पलीकडच्या खासगी भाड्याच्या घरात झालेली चोरी किंवा मारहाण सहसा धरत नाहीत. म्हणजे ज्या वस्तीत निम्मे विद्यार्थी राहतात तीच या अहवालात जवळजवळ दिसत नाही. तिच्यासाठी शहर पोलिसांचे नकाशे बघायचे, आणि तेही जपून. इंग्लंड-वेल्सच्या पोलीस नकाशावरचा ठिपका नेमक्या घरावर नसतो, जवळच्या ठरवून दिलेल्या एका बिंदूवर ढकललेला असतो. स्टेशन किंवा पबजवळ ठिपक्यांचा ढीग दिसला म्हणून मागच्या गल्लीत राहणं धोक्याचं ठरत नाही.

कॅम्पसला लागून असलेली वस्ती हा माझ्या मते सगळ्यात फसवा पर्याय आहे. अंतर पाच मिनिटांचं, आजूबाजूला सगळे आपल्याच वयाचे, त्यामुळे निर्धास्त वाटतं. चोरालाही हे ठाऊक असतं: प्रत्येक खोलीत लॅपटॉप, दर वर्षी नवे भाडेकरू, सुट्टी लागली की सगळी गल्ली एकदम रिकामी. एका घरात घरफोडी झाली की पुढचे काही आठवडे त्या घराला आणि शेजाऱ्यांनाही धोका वाढलेला असतो, हे अनेक शहरांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून घरमालकाला पहिला प्रश्न कुलपाचा. मागच्या भाडेकरूनंतर ते बदललं का? नसेल, तर त्या दाराच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत हे त्यालाही सांगता येणार नाही.

या वस्तीची जमेची बाजू म्हणजे विद्यापीठाची गस्त. येल विद्यापीठाने 1894 मध्येच स्वतःचे पोलीस नेमले. शिकागो विद्यापीठाचे पोलीस कॅम्पसबाहेरही शहराच्या मोठ्या भागात फिरतात. रात्रीची शटल, सोबत चालत येणारा सुरक्षारक्षक, अशा सोयी बऱ्याच ठिकाणी असतात. पण प्रत्येक सोयीला हद्द असते आणि ती एखाद्या रस्त्यापाशी संपते. घर त्या रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे, हे भाडेकरारावर सही करण्याआधी नकाशात बोट ठेवून बघा. शटल रात्री किती वाजता थांबते, तेही.

लांबच्या वस्तीत शेजारी वर्षानुवर्षं तिथेच असतात. अनोळखी माणूस जिन्यात घुटमळला तर कोणीतरी दार उघडून विचारतं. दिवसा वर्ग असलेल्याला ही जागा उत्तम. प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबणाऱ्याला मात्र शेवटची बस चुकण्याची धास्ती रोजची, आणि स्टॉपपासून घरापर्यंतची वाट एकट्याची. त्या वाटेवरचे दिवे हा किरकोळ मुद्दा समजू नका. 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी गृहवसाहतींत जास्तीचे प्रखर दिवे लावून झालेल्या प्रयोगात रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले होते.

आणि घराच्या आतलं? त्याबद्दल आईवडील विचारत नाहीत आणि मुलंही सांगत नाहीत. लैंगिक अत्याचारात आरोपी बहुतेकदा ओळखीचाच असतो. त्यामुळे स्वतःच्या खोलीला आतून कडी आणि आधी बोलून-भेटून निवडलेला रूममेट यांचं मोल मोठं आहे. आग हा तसाच विसरलेला विषय. अमेरिकेत विद्यार्थ्यांचे आगीत गेलेले बळी बहुसंख्येने कॅम्पसबाहेरच्या घरांतले आहेत, कारण हॉस्टेलात धुराचा अलार्म आणि दुसरा जिना असतोच. भाड्याच्या घरात तो आहे का, हे बघणारं कोणी नसतं. तळघरातली खोली स्वस्त मिळते. तिच्या खिडकीतून माणूस बाहेर पडू शकत नसेल, किंवा ग्रिल आतून उघडत नसेल, तर भाडं कितीही कमी असो, नको म्हणा.

शहर नवीन असेल तर पहिलं वर्ष हॉस्टेलमध्ये काढावं, महाग पडलं तरी. शहर कळलं की गस्तीच्या आणि शटलच्या हद्दीतली, पण पार्ट्यांच्या गल्लीपासून दोन-तीन रस्ते बाजूला असलेली जागा शोधावी. बहुतेकांना तीच सोयीची पडते. लांब राहायचं ते वेळापत्रक हातात आल्यावरच ठरवा, कारण आठवड्यातून तीनदा रात्रीचे वर्ग निघाले तर सगळं गणित उलटतं. प्रत्यक्ष जाता येत नसेल तर तिथे शिकणाऱ्या एखाद्या सीनियरला विचारा, पण ‘कसं आहे?’ असं मोघम नको. रात्री दहानंतर तू कुठल्या रस्त्याने जात नाहीस, असं विचारा. ते तो लगेच सांगेल.