दाखलपूर्व लोकअदालत: वरच्या काकांकडून पैसे निघाले, पण सगळे नाही (साडेतीन स्टार)

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कुठल्या वकिलाचा नाही, लोकअदालतीचा आहे. मला वाटायचं तिथे फक्त बँकेची थकबाकी आणि गाडीची चलानं मिटतात, शेजाऱ्याकडून पैसे काढायला पण जाता येतं आणि ते सुद्धा केस न टाकता, हे मला आमच्या प्लंबरने सांगितलं, बोला आता.

झालं असं की गेल्या पावसाळ्यात बाथरूमच्या छताला ओल आली, म्हटलं पाऊस आहे, वाळेल, तर दिवाळी झाली तरी पोपडे पडतायत. प्लंबरने वर काकांच्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपला (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याला) बोळा लावून रंगाचं पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी आमच्या छताला गुलाबी डाग. विषयच संपला, वरचं वॉटरप्रूफिंग गेलेलं. सेक्रेटरींनी सोसायटीचे उपविधी, म्हणजे नियम, काढून वाचून दाखवले, कॉमन पाईपचं लिकेज असेल तर सोसायटी बघणार, फ्लॅटच्या आतलं ज्याचं त्याने, झालं, त्यांनी हात झटकले.

इथे मी गाढवपणा केला. काका म्हणाले, "आत्ता तू भर रे, माझी एफडी मार्चला सुटतेय, लगेच देतो." टाईल्स फोडून, कोबा नवीन करून, ट्रॅप बदलून ४६,००० आणि आमचं छत ११,५००, सगळं माझ्या खिशातून. मार्च गेला, मे गेला, मग एकदम "टाईल्स बदलायला मी कुठे सांगितलं होतं?" वकिलाची नोटीस पाठवली २,५०० देऊन, ते पाकीट काकांनी घेतलंच नाही, तसंच परत.

मग लोकअदालत भरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साध्या कागदावर अर्ज दिला. फी शून्य. सोबत बिलं, यूपीआयचे स्क्रीनशॉट, फोटो, प्लंबरने सहीनिशी लिहून दिलेला कागद आणि तो एफडीवाला व्हॉट्सॲप मेसेज. हो, सुदैवाने काकांनी तेच टाईप पण केलं होतं.

पहिल्या तारखेला काका आलेच नाहीत. मी सुट्टी टाकून दीड वाजेपर्यंत बाकावर. समोरच्याला ओढून आणायचा अधिकार यांना नाही, यायचं की नाही ही त्याची मर्जी, आणि तडजोड नाही झाली तर तुम्ही परत कोर्टाच्या दारात, एक स्टार तिथेच गेला. दुसऱ्या तारखेला मुलाने आणलं त्यांना. पॅनलवर एक निवृत्त न्यायाधीश आणि एक वकील मॅडम होत्या, काका दहा मिनिटं बिल्डरच्या नावाने बोलत होते, मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "काका, नवीन बाथरूम सध्या वापरतंय कोण?" मुलगा खाली बघायला लागला.

५७,५०० चे ४५,००० ठरले, १५,००० चे तीन चेक. आमच्या छताचा खर्च सोडावा लागला, वर अजून हजार, नोटिशीचे पैसे तर विसरा. राग आला पण सही केली, कारण या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत, त्यावर अपील नाही, पैसे नाही आले तर सरळ दरखास्त (कोर्टामार्फत वसुलीचा अर्ज) लावता येते, उगाच वर्षानुवर्षं केस कोण चालवणार? फक्त पैसे वसूल करायच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे कोणाची एफडी सुटायची वाट बघत बसू नका.

झेरॉक्सचे दोन सेट घरूनच न्या. आणि तडजोडपत्रात चेक नंबर आणि तारखा लिहून घ्या, आमच्यात आधी नुसतं "तीन हप्त्यात" एवढंच लिहिलं होतं, मी सांगितल्यावर घातलं. दोन चेक वटलेत, तिसरा पुढच्या पाच तारखेचा आहे, म्हणून अर्धा स्टार राखून ठेवलाय.