जुनाट दुखण्याला ‘आरोग्य संजीवनी’ किती पुरते?

कंबर, गुडघा, सायटिका वर्षानुवर्षं छळत असेल आणि खिसा बेताचा असेल, तर पुण्यातले विमा एजंट बहुधा ‘आरोग्य संजीवनी’ ही आरोग्य विमा पॉलिसीच पुढे करतात. कंपनी कुठलीही घ्या, अटी त्याच. हप्ता तेवढा वेगळा. पॉलिसी वाईट नाही, पण ती ओपीडीची, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांची नाही. फिजिओथेरपी, गोळ्या, कमरेचा पट्टा, पेन क्लिनिकची फी, सगळं खिशातून. फिजिओचे पैसे मिळालेच तर दाखल होऊन घरी आल्यावरच्या ६० दिवसांतले, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच.

मणक्याच्या सरकलेल्या चकतीला पॉलिसी घेतल्यापासून २४ महिने थांबावं लागतं. गुडघ्याची झीज आणि सांधेबदलाला आधी ४८ महिने होते, एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६. अपघाताने झालेलं असेल तर ही चकती-सांधेबदलाची अट लागत नाही.

मणक्यातलं इंजेक्शन किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने नस बधिर करणं डे-केअरमध्ये बसतं, २४ तास दाखल राहावं लागत नाही. मात्र तेच इंजेक्शन दवाखान्यातल्या टेबलावर घेतलं की ओपीडी ठरतं. भूल दिल्याची नोंद, ऑपरेशन नोट, एमआरआय आणि आधी कोणते उपचार किती आठवडे करून पाहिले, हे कागदावर हवं. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘वेदना, निरीक्षणासाठी दाखल’ लिहिलेलं असेल, तर केवळ तपासणीसाठी भरती म्हणून क्लेम परत येतो.

सगळ्यात घातक असतो केसपेपर. निवासी डॉक्टर विचारतात, ‘कधीपासून दुखतंय?’ पेशंट सवयीने सांगतो, ‘झाली पाच-सहा वर्षं.’ पॉलिसी तीन वर्षांची असेल, तर आजार लपवला म्हणून कंपनी तेवढीच ओळ पकडते. दुखणं खरंच जुनं असेल तर ते प्रपोजल फॉर्ममध्येच लिहा. नसेल तर तारीख नीट आठवून सांगा.

खोलीभाडं विम्याच्या रकमेच्या २ टक्के, दिवसाला कमाल ५,०००. दोन लाखांच्या पॉलिसीवर ४,००० बसतात. ८,००० ची खोली घेतली, की सर्जनची फी आणि थिएटरचा खर्चही निम्माच धरतात. म्हणजे ६०,००० चे ३०,०००, त्यातून ५ टक्के को-पे, म्हणजे आपण भरायचा वाटा, गेला की २८,५००. खोली ठरवायच्या आधी हा हिशोब हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्यांकडे, करून घ्या. रोबोटिक गुडघेबदलाला तर विम्याच्या निम्म्या रकमेची मर्यादा आहे. तीन लाखांची पॉलिसी असेल तर दीड लाख. हॉस्पिटलच्या जाहिरातीत हे कशाला असेल!

पंचकर्म आयुष रुग्णालयात दाखल होऊन, निदानासह केलं तर चालतं. रिसॉर्टमधलं नाही.

साठीच्या पुढे गुडघेबदल दिसत असेल तर घ्या, पण पाच लाखांच्या खाली नको. नुसत्या फिजिओसाठी घेऊ नका. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर विमा लोकपाल. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. नकाराचं पत्र आणि केसपेपरची प्रत तेवढी सोबत हवी.