भविष्यवाणीच्या नावाखाली होणारी फसवणूक: किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी

१ जूनला मासेमारीची बंदी लागते ती ३१ जुलैपर्यंत. बोट शाकारून वर ओढलेली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, आणि आखातात जायच्या खटपटीतला मुलगा घरात बसून. ‘संदेष्टा’, म्हणजे देवाकडून संदेश मिळतो असं म्हणवणारी माणसं याच दिवसांत घरसभा धरतात. दुसरी वेळ मे महिन्याची, तेव्हा हापूसचे पैसे हातात आलेले असतात आणि मुंबईची मंडळी गावी असतात. एका हंगामात घराला गरज असते, दुसऱ्यात घरात पैसा असतो. त्यांना दोन्ही उपयोगी पडतं. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत पद्धत जवळपास एकच, घर कॅथलिक असो की प्रोटेस्टंट. पैसे देवाच्या नावाने दिलेले असल्यामुळे लोक ते परत मागत नाहीत आणि बोलतही नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात प्रार्थनेच्या चिठ्ठीपासून होते. सभेच्या दारात एक कार्यकर्ता कागद देतो: नाव, गाव, फोन, घरातली माणसं, आजार, प्रार्थनेचा विषय. आई लिहिते, ‘मुलाचा कतारचा व्हिसा अडकला आहे, नवऱ्याला साखर आहे.’ चिठ्ठ्या गोळा होतात, टोपलीत जातात, त्यावर हात ठेवून प्रार्थना होते. पुढच्या सभेत, किंवा त्याच संध्याकाळी, संदेष्टा डोळे मिटून म्हणतो, ‘इथे एक ताई आहे. तिचा मुलगा समुद्रापलीकडे जायला निघालाय, पण एक कागद अडलाय. प्रभूने मला दाखवलं.’ ताई रडायला लागते. चिठ्ठी आपणच लिहिली होती हे त्या क्षणी तिच्या डोक्यात येत नाही. चिठ्ठी नसेल तर घरसभा ठेवणाऱ्या बाईने फोनवर सांगितलेलं असतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय आलेला असतो, नाहीतर फेसबुकवर फोटो असतो. आणि यातलं काहीच नसलं तरी किनाऱ्यावरच्या शंभर माणसांत ‘कोणाचा तरी पासपोर्ट अडलाय, कोणाचा तरी गुडघा दुखतोय’ म्हटलं की दोन-चार हात वर येणारच.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १९८६ साली, प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणाऱ्या पीटर पॉपॉफ या प्रचारकाचं बिंग जादूगार जेम्स रँडी यांनी फोडलं. पॉपॉफच्या कानात छोटा रिसीव्हर होता. सभेआधी लोकांनी भरलेली प्रार्थनाकार्डं त्याची बायको मागून रेडिओवर वाचून दाखवत होती, ३९.१७ मेगाहर्ट्झवर. रँडींच्या माणसांनी ते रेकॉर्ड केलं आणि टीव्हीवर ऐकवलं. पुढच्याच वर्षी पॉपॉफने दिवाळखोरी जाहीर केली. आपल्याकडे कानात यंत्र लागत नाही, व्हॉट्सॲप पुरतं.

त्यानंतर पैसा, तोही पायरीपायरीने. पहिली तेलाची बाटली फुकट मिळते. मग ‘विश्वासाचं बीज’ म्हणून हजार-अकराशे. मग एक दिवस फोन येतो: ‘ताई, प्रभूने आकडा दाखवलाय, एकवीस हजार, आणि चाळीस दिवसांत दार उघडेल.’ रक्कम मंडळीच्या खात्यात मागितली जात नाही. एखाद्याच्या खाजगी गूगल पे नंबरवर जाते आणि पावती येत नाही. सोबत एक अट असते: ‘फादरांना किंवा पाळकसाहेबांना सांगू नका, त्यांचा अविश्वास आड येईल.’ सगळ्यात आधी कान टवकारावेत ते या वाक्याला. ज्या वचनाची मंडळीत परीक्षा होऊ नये असं सांगणाराच म्हणतो, त्याच्यामागे काय आहे ते तिथेच कळतं.

चाळीस दिवस जातात, व्हिसा येत नाही. संदेष्टा चुकलो म्हणत नाही. तो म्हणतो, ‘घरात शाप आहे,’ आणि बोट जातं ते चर्चला न येणाऱ्या नवऱ्याकडे, नाहीतर नुकत्याच आलेल्या सुनेकडे. शापमुक्तीसाठी वेगळी उपवास-प्रार्थना, वेगळं अर्पण. पैसा गेला तो गेला, पण सुनेवर ठेवलेला हा ठपका वर्षानुवर्षं घरात राहतो, आणि आमच्या मते यातलं सगळ्यात मोठं नुकसान तेच.

कधीकधी संदेष्ट्याच्या ओळखीचा ‘विश्वासू’ एजंटही निघतो. परदेशी नोकरी देणारा एजंट परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला असावा लागतो, नाव ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतं, आणि त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी घेता येतो, तेही पावतीवर. प्रार्थनेतून आलेला एजंट असला तरी नियम तोच.

‘परीक्षा घेणं म्हणजे अविश्वास’ हे शास्त्राला धरून नाही. प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला एका दमात दोन्ही सांगतो: संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा (१ थेस्सल. ५:२०-२१). करिंथच्या मंडळीला तो पद्धत घालून देतो की दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी तोलून पाहावं (१ करिंथ. १४:२९). म्हणजे एकट्या बाईला रात्री फोनवर दिलेली भविष्यवाणी त्या पद्धतीतच बसत नाही. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातला १८:२२ चा कस सगळ्यांना पाठ असतो: बोललेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं नव्हे. पण अनुवाद १३:१-३ फार थोडे वाचतात. तिथे चिन्ह खरं ठरतं, तरीही तो माणूस देवापासून दूर नेत असेल तर ऐकू नका, असं म्हटलं आहे. फसवणूक इथेच पक्की होते. चार अंदाजांतला एक बरोबर येतो, त्याची साक्ष माइकवर दिली जाते, आणि चुकलेल्या तीन अंदाजांचं नाव कोणी काढत नाही. अंदाज बरोबर आला एवढ्यावर माणूस खरा ठरत नाही. त्याची शिकवण, पैशाचा व्यवहार आणि घरातली वागणूक हेही बघावं लागतं.

यिर्मयाच्या २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा बाबेलला नेलेली मंदिराची पात्रं दोन वर्षांत परत येतील असं छातीठोक सांगतो. यिर्मया आधी ‘आमेन, परमेश्वर तसं करो’ म्हणतो आणि मग सांगतो की शांतीचं भाकीत करणारा संदेष्टा वचन पूर्ण झाल्यावरच ओळखला जातो. लोकांना आवडेल ते सांगणाऱ्याच्या बाबतीत घाई करू नये, हे त्यात आहे.

पैशाबद्दलही शास्त्र स्पष्ट आहे. अलीशा संदेष्ट्याने कोड बरं झालेल्या नामानाची भेट नाकारली, त्याचा चाकर गेहजी ती मागायला नामानामागे धावत गेला आणि गेहजीला काय भोगावं लागलं ते २ राजे ५ मध्ये आहे. पहिल्या शतकांतल्या ‘दिदाखे’ या मंडळीच्या नियमपुस्तिकेत तर उघड लिहिलं आहे की फिरता प्रेषित तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा, आणि निघताना भाकरीखेरीज पैसे मागितले तरी खोटाच. आत्म्यात येऊन ‘मला पैसे द्या’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मात्र दुसऱ्या गरजूसाठी मागत असेल तर त्याचा न्याय करू नका, असंही तिथे आहे.

उलट या संदेष्ट्यांची आवडती वचनं संदर्भासकट वाचावीत. ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे स्तोत्र १०५ मध्ये परक्या देशांत फिरणाऱ्या पूर्वजांना इजा करू नये म्हणून राजांना सांगितलेलं आहे. पुढाऱ्याला प्रश्न विचारू नये असा त्याचा अर्थ नाही. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला. मलाखी ३:१० मधला दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, मंदिराच्या भांडारात जायचा, कोणाच्या घरी नव्हे.

आजाराच्या बाबतीत मात्र थांबून चालत नाही. ‘गोळी घेतली तर विश्वास कमी’ ही शिकवण खोटी आहे. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारी सोडलं आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? साखरेचं इन्सुलिन किंवा टीबीची औषधं मध्येच सोडणं जिवावर बेततं, आणि टीबीचा कोर्स अर्धवट टाकला की पुढे औषधंच लागू पडेनाशी होतात. साक्ष द्यायची तर डॉक्टरांच्या आधीच्या आणि नंतरच्या रिपोर्टसकट द्यावी, औषध चालू ठेवून.

बाहेरचा माणूस सभा घ्यायला आला की पत्र मागावं. कॅथलिक फादर असतील तर ‘सेलेब्रेट’ हे ओळखपत्र असतं. भूत काढायचं म्हणाले तर बिशपांची स्पष्ट परवानगी लागते, चर्चच्या कायद्यातल्या कॅनन ११७२ प्रमाणे. खाजगी दर्शनावर विश्वास ठेवायला कोणी कॅथलिक बांधील नाही. प्रोटेस्टंट पाळक असतील तर त्यांना पाठवणाऱ्या मंडळीच्या पंचांचं पत्र मागावं आणि त्यांच्या पाळकांना स्वतः फोन करावा. ‘मी कोणाच्या हाताखाली नाही’ असं उत्तर आलं तर सभा ठेवू नये. ट्रस्ट आहे म्हणाले तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचा नोंदणी क्रमांक आणि धर्मादाय कार्यालयातला शेड्यूल वनचा उतारा मागावा. विश्वस्त कोण आणि मालमत्ता किती, ते त्यात असतं. अर्पण ट्रस्टच्या खात्यात द्यावं आणि पावती घ्यावी.

घरात एक वही ठेवावी. कोणी भविष्यवाणी सांगितली की तारीख, नेमके शब्द, सांगणाऱ्याचं नाव आणि कोणी ऐकलं ते त्याच दिवशी लिहून त्याला वाचून दाखवावं. ‘दार उघडेल’ म्हणाला तर कोणतं दार आणि कधी, ते विचारावं. महिन्याभराने शब्द फिरवले जातात, आणि लिहिलेलं असेल तर ते फिरवता येत नाहीत. ठरावीक रक्कम मागितली तर ‘हेच पाळकसाहेबांसमोर बोला’ एवढंच म्हणावं.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. ऑनलाइन गेलेली रक्कम लवकर कळवली तर पुढच्या खात्यात अडवता येते. चॅट डिलीट करू नयेत, स्क्रीनशॉट, बँकेचा उतारा आणि ती वही जपून ठेवावी. चमत्काराचा देखावा करून पैसे काढणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे: ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. हा कायदा सगळ्या धर्मांच्या माणसांना सारखाच लागू आहे. साधी फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते. तक्रार द्यायला घरातल्या बाईला एकटीला पाठवू नये, पंचांपैकी कोणी तरी सोबत जावं. आणि त्या रविवारी उपासनेनंतर अंगणात तिच्या नावाची चर्चा होणार नाही, तिच्या सुनेवर ठेवलेला ठपका पाळकांनी स्वतः घरी जाऊन पुसलेला असेल, हे पाहणंही पंचमंडळीचंच काम आहे.