‘लंडन १८८५’ कोरलेलं सूर्यघड्याळ घेण्याआधी

खिशात मावणारं पितळी सूर्यघड्याळ, आत होकायंत्र, झाकणावर लंडनचं नाव आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं साल. अशी वस्तू तुम्हाला कोणी ‘अस्सल अँटिक’ म्हणून दाखवत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मला ती ३८ हजारांना विकली गेली.

विकणारा मुंबईचाच, ‘काका, काका’ करत बोलणारा. दारूखाना या जहाजं तोडण्याच्या भागात तोडलेल्या जहाजाच्या कप्तानाकडची वस्तू, असं त्याने फोटोंसोबत लिहून पाठवलं होतं. ही गोष्ट मुळातच खोटी असते. सूर्यघड्याळ वापरायचं तर ते सपाट आणि स्थिर ठेवावं लागतं, हलत्या डेकवर त्याचा उपयोग शून्य. शिवाय त्या काळातल्या मोठ्या जहाजांवर क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावरही अचूक चालणारी घड्याळं असत. खिशातली सूर्यघड्याळं जमिनीवरच्या प्रवाशांची. चांगल्या यंत्राच्या झाकणात बऱ्याचदा सावलीची वेळ घड्याळाशी जुळवायचा एक छापील तक्ताही असे, कारण सूर्य नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर चौदा मिनिटं मागे.

आता माझ्या यंत्रावरची अक्षरं: ‘केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १८८५’. विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञाला लॉर्ड केल्विन हा किताब मिळाला १८९२ साली. केल्विन आणि ह्यूजेस ही दोन नावं एकत्र जोडलेली कंपनी उभी राहिली ती १९४७ मध्ये. म्हणजे १८८५ साली हे नाव कोरायला या नावाचं कोणी अस्तित्वातच नव्हतं! हेच नाव आणि १९१७ साल असलेली होकायंत्रंही बाजारात ढिगाने आहेत. तीही तशीच.

नावाचं कळलं नाही तरी तबकडी खोटं लपवू शकत नाही. आडव्या सूर्यघड्याळावर तासांच्या रेघा सारख्या अंतरावर नसतात. लंडनसाठी आखलेल्या तबकडीवर बारा आणि एकच्या रेघांत सुमारे १२ अंश असतात, मुंबईसाठी जेमतेम ५, आणि सकाळ-संध्याकाळकडे अंतर वाढत जातं. माझ्या तबकडीवर सगळ्या रेघा पंधरा-पंधरा अंशांवर आहेत. असं आडवं घड्याळ फक्त ध्रुवावर बरोबर चालेल. सावली पाडणाऱ्या पात्याचा कोन त्या जागेच्या अक्षांशाइतका हवा, लंडनला साडेएकावन्न. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजला तर चाळीसच्या आसपास भरला. कोनमापक सोबत न्याच, दुकानदाराला वाईट वाटलं तरी चालेल. (पातं वर-खाली सरकवता येत असेल तर अक्षांशांची पट्टी असते, ती बघा.)

पितळेचा रंगही बोलतो. खऱ्या जुन्या डबीत हात लागतो ते काठ उजळ आणि खाचा काळ्या असतात. माझी डबी सगळीकडून एकसारखी तपकिरी होती. कोपरा चिंच-मीठ लावून घासल्यावर खाली कोरं पितळ निघालं. बिजागरीला चौफुलीच्या खाचेचा स्क्रू आहे, जो १९३० च्या दशकापूर्वी प्रचारात नव्हता.

रुरकी आणि मुरादाबादचे कारागीर अशी यंत्रं शोभेची म्हणून उघडपणे बनवतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट त्यांच्या कामाचं मला कौतुक आहे. चीड येते ती त्यांच्या वस्तूला खोटं वय चिकटवून दसपट-वीसपट दाम लावणाऱ्याची.

बिल मागितलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘अँटिकला बिल नसतं.’ हे साफ खोटं आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. तो आधी दाखवायला सांगा. वस्तूचं साल आणि बनवणाऱ्याचं नाव लिहिलेली पावती घ्या. ती द्यायला जो कचरतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

आता तो म्हणतो, ‘जुन्या धाटणीचं म्हणालो होतो, जुनं नाही.’ पण ‘१८८५ चं ओरिजिनल’ हा त्याचा मेसेज आणि यूपीआयची नोंद माझ्याकडे आहे. दोन्ही जोडून पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. तुमच्याकडे असे मेसेज असतील तर एकही पुसू नका. व्यवहार ऑनलाइन झाला असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.