बिस्मथची पट्टी घ्यावी की इट्रियमची?

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या लूमची एक हॉर्सपॉवरची मोटर भरायची (वाइंडिंग करायची) असेल तर सरळ तांब्याची तार आणा. अतिसंवाहक, म्हणजे खूप गार केल्यावर वीज विरोधाशिवाय वाहू देणाऱ्या तारेचा हिशेब मेगावॉटच्या मोटरींतच जुळतो. पण फायनल इयरला अतिसंवाहक रोटर (मोटरचा फिरणारा भाग) फिरवून दाखवायचाच असेल, तर मुख्यतः दोन सिरॅमिक पट्ट्यांतून निवड करायची आहे: एक बिस्मथवाली, दुसरी इट्रियमवाली.

कागदावर बिस्मथवाली सरस दिसते. ती गार होताना ११० केल्विनलाच अतिसंवाहक होते, इट्रियमवाली ९२च्या आसपास. गार करायला वापरायचा द्रव नायट्रोजन ७७ केल्विनचा, म्हणजे उणे १९६ अंश. इथेच बरेच जण फसतात. मोटरमध्ये पट्टी चुंबकीय क्षेत्रात बसते, आणि ते क्षेत्र तिच्या सपाट अंगावर काटकोनात आलं की ७७ केल्विनला बिस्मथ लवकर हात टेकते. इट्रियम बराच तग धरते. अमेरिकी नौदलासाठीच्या ३६.५ मेगावॉट मोटरची २००९ साली पूर्ण भारावर चाचणी झाली, तीत बिस्मथचीच पट्टी होती. पण ती नायट्रोजनपेक्षा कितीतरी जास्त थंड ठेवलेली. तेवढा गारवा कॉलेजच्या बजेटात बसत नाही. नायट्रोजनचं तसं नाही. जनावरांच्या रेतमात्रा ज्या कॅनमध्ये ठेवतात, त्यात तोच असतो.

बिस्मथची पूड चांदीच्या नळीत भरून ओढतात, असे अनेक तंतू पुन्हा एका नळीत घालून लाटतात. चांदीच का? भट्टीत ऑक्सिजन तिच्यातून पुडीपर्यंत पोचतो आणि ती पुडीशी झोंबत नाही. खर्च मात्र चांदीचा. इट्रियमच्या पट्टीत खरा माल एक-दोन मायक्रॉनचा थर, बाकी निकेलच्या मिश्रधातूचा आधार आणि वर तांबं. त्या थरातले स्फटिक ताण्याच्या धाग्यांसारखे एका दिशेत हवेत. थोडे अंश तिरपे गेले तरी प्रवाह अडतो.

दोन्ही पट्ट्यांना डीसीच द्या, म्हणजे त्या रोटरवरच वापरा. एसीत त्या तापतात, म्हणून स्टेटर (मोटरचा स्थिर भाग) तांब्याचाच ठेवा.

माझं मत इट्रियमच्या बाजूचं. फक्त वाइंडिंगच्या दुकानातल्या दोन सवयी सोडाव्या लागतील. कॉईल लाकडी हातोडीने ठोकून बसवायची नाही, सिरॅमिकला तडा जातो. आणि भरलेली कॉईल वार्निशात बुडवायची नाही. गार होताना वार्निशातली राळ आकसते आणि थर सोलून काढते. त्याऐवजी मेण ओता.